अकराला संपणारी मीटिंग

कमलिनीची पहिली मुलाखत एकोणीस मिनिटांत आटोपली, आणि त्यातली चौदा मिनिटं ती एक अक्षरही बोलली नव्हती.

मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर होती. दुपारची वेळ. मुलगी रेवा शाळेत, नवरा उपेंद्र अंबत्तूरला कारखान्यात. रस्त्याचा आवाज नको म्हणून कमलिनीनं खिडकी लावून घेतली, पंखा एकवर आणला आणि चेन्नईच्या उकाड्यात ताठ बसून राहिली. पडद्यावर एक तरुण आला. त्यानं प्रोग्रॅमिंगचा एक प्रश्न दिला आणि म्हणाला, ‘‘सावकाश विचार करा, घाई नाही.’’

कमलिनीनं त्याचं म्हणणं अगदी मनावर घेतलं. कागद पुढं ओढला आणि विचाराला लागली. विचार करताना तिचे ओठसुद्धा हलत नसत, आणि एकदा बुडाली की शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी तिला पत्ता नसे. उत्तर सापडलं तेव्हा तिनं खुशीत मान वर केली, तर पडदा काळा. बाजूला त्या तरुणाचे चार निरोप पडले होते. ‘हॅलो?’ मग ‘माझा आवाज येतोय का?’ मग ‘तुमचं चित्र अडकलेलं दिसतंय.’ आणि शेवटी, ‘तुमचं कनेक्शन गेलंय. आम्ही कळवू.’

कळवलं दुसऱ्या दिवशी. पुढच्या फेरीसाठी विचार करता येणार नाही, पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.

‘‘अगं, मग परत फोन करून सांगायचं ना, मी जिवंत आहे म्हणून!’’ उपेंद्र हसत म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं आणि ताटं घ्यायला उठला.

कमलिनी एक्केचाळीस वर्षांची होती. पुण्यात तिनं दहा वर्षं विमा कंपन्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं आणि चांगलं लिहिलं होतं. रेवा चार वर्षांची असताना सासऱ्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. घरात दुसरं कुणी नाही. तिनं नोकरी सोडली ती सहा महिन्यांसाठी म्हणून, आणि नऊ वर्षं उलटली. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. मग उपेंद्रची बदली चेन्नईला झाली, अण्णा नगरात दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं, रेवा नव्या शाळेत रुळली, आणि एका सकाळी कमलिनीला वाटलं की आता आपणही कामाला लागायला हरकत नाही. तिनं जुनी पुस्तकं काढली, नवी मागवली, रोज चार तास अभ्यास केला. बऱ्याच गोष्टींची नावं बदलली होती. आतला मामला बराचसा ओळखीचाच निघाला. त्यामुळं तिला धीर आला होता. तो त्या चौदा मिनिटांत पार गळाला.

तळमजल्यावर त्रिपुरसुंदरीबाई एकट्या राहत. वय बहात्तर. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढून, परगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजच्या सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घराण्यानं तंजावर गाठलं त्याला तीनशे वर्षं होऊन गेली होती आणि मराठी तेव्हापासून घरातच सांभाळून ठेवलेली होती. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कमलिनी जिन्यात रेवावर ओरडली, तेव्हा खालचं दार उघडून त्यांनी विचारलं होतं, ‘‘मराठी कां तुम्ही?’’ त्या दिवसापासून ती त्यांना मावशी म्हणत असे. मावशींचं बोलणं तिला पहिला महिनाभर अर्धंच कळे. पुढं कान सरावला.

त्या दिवशी मावशी दारात खुर्ची टाकून शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. कमलिनीचा चेहरा त्यांनी एकदा पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘बैस गे. काय झालं?’’

कमलिनीनं सगळं सांगितलं. मावशी मध्येच हसतील अशी तिला भीती होती. त्या हसल्या नाहीत.

‘‘त्या पोराचं काही चुकलं न्हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लायनीवर माणूस गप्प झालं मेणजे लाईन मेली, असंच समजतात. आम्हांस पहिल्याच दिवशी शिकवायचे. मदुरैचा कॉल जोडायचाय आणि वेळ लागतोय, तर गप्प नाही राहायचं. जोडतेय, तिरुची लागलं, मदुरैची घंटी वाजतेय, थांबा. असं बोलत राहायचं. मग तिकडचा माणूस दहा मिनिटं पण थांबतो. न बोललीस तर एका मिनिटात तो फोन ठेवून शिव्या देतो.’’

‘‘पण मावशी, बोलत बोलत मला विचारच करता येत नाही.’’

‘‘अत्तां येत नाही. सवय कर. उद्या तीनला ये, मज सांग.’’

‘‘तुम्हाला? प्रोग्रॅमिंग?’’

‘‘मज ते येत नाही, मेणून तर सांग.’’

दुसऱ्या दिवशी तीनला कमलिनी वही घेऊन खाली गेली, जरा लाजतच. तिनं एक सोपा प्रश्न निवडला होता: एका यादीतला सगळ्यांत मोठा आकडा शोधायचा. ‘‘पहिला आकडा घेते,’’ ती म्हणाली, ‘‘मग पुढचा बघते. तो मोठा असेल तर ते त्याच्यात टाकते, नाहीतर ते तसंच ठेवून...’’

‘‘थांब. ‘ते’ मेणजे कोण?’’

‘‘ते म्हणजे... आतापर्यंतचं सगळ्यांत मोठं.’’

‘‘मग तसं बोल ना. ‘ते’, ‘त्याच्यात’, ‘तसंच’. मी खुर्चीत बसून काय समजूं?’’

कमलिनीला आधी राग आला. आठवडाभरात तिच्या लक्षात आलं की जिथं तिच्या तोंडून ‘ते’ निघतं, नेमकं तिथंच डोक्यातही धुकं असतं. मावशींना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण धुकं बरोबर कळत होतं. पाला निवडणारा हात थांबला की कमलिनी स्वतःच मागं जाई आणि वाक्य पुन्हा बांधी. पंधरा दिवसांनी तिला बोलत बोलत विचार करता यायला लागला. एकदा रेवा शाळेतून लवकर आली आणि जिन्यातून ओरडली, ‘‘आई, तू कुणाशी भांडतेयस?’’ कमलिनी तेव्हा एका प्रोग्रॅममधल्या, यादीतली जागा दाखवणाऱ्या दोन निर्देशकांना समजावत होती. त्यांतल्या एकाला ती ‘आय’ म्हणे आणि दुसऱ्याला ‘जे’, आणि जे फार हट्टी होता.

एका दुपारी मावशींनी पाल्याचं ताट बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि वेगळ्याच आवाजात इंग्रजीतून विचारलं, ‘‘नऊ वर्षं तुम्ही काय करत होता?’’ सुपरवायझरचा तो आवाज ऐकून कमलिनी दचकली.

‘‘सॉरी, म्हणजे माझ्याकडे मोठी गॅप आहे, मला कल्पना आहे, घरी थोडी अडचण होती, पण मी आता पूर्ण प्रयत्न...’’

‘‘पोदुम, पोदुम,’’ मावशींनी हात वर करून तिला थांबवलं. ‘‘पुरे. मी ‘माफी माग’ मेटलं कां? विचारलं तेवढं सांग. काय केलंस?’’

कमलिनीनं वही मिटली आणि म्हणाली, ‘‘माझे सासरे आजारी होते. सात वर्षं मी त्यांचं केलं. नंतरच्या दोन वर्षांत गाव बदललं आणि नवं शिकले.’’

‘‘बेष,’’ मावशी म्हणाल्या आणि ताट पुन्हा मांडीवर घेतलं. ‘‘एवढंच.’’

महिन्याभरानं शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीतून फोन आला. दीडशे माणसांची कंपनी. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी. त्यांच्या जाहिरातीत ‘मध्ये खंड पडलेल्यांनीही अर्ज करावा’ अशी एक ओळ होती आणि त्या ओळीवर भरवसा ठेवून कमलिनीनं सीनियर इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज टाकला होता. फोनवर जननी नावाची मुलगी होती, एचआरमधली. तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. आधी दीड तासाची ऑनलाइन परीक्षा. ती पार पडली तर एक दिवस ऑफिसात यायचं, तिथं तीन फेऱ्या. पहिलीत प्रोग्रॅम लिहायचा, दुसरीत एखादी मोठी यंत्रणा कशी बांधाल ते फळ्यावर मांडायचं, तिसरीत मॅनेजरशी गप्पा.

‘‘गप्पा म्हणजे?’’ कमलिनीनं विचारलं.

‘‘गप्पाच, मॅडम,’’ जननी म्हणाली. ‘‘पण ते ऐकत असतात.’’

ऑनलाइन परीक्षा तिनं दहा मिनिटं राखून संपवली. बुधवार ठरला.

बुधवारी सकाळी उपेंद्रनं तिची कॉटनची साडी स्वतः इस्त्री केली आणि निघताना ‘‘कॉन्फिडन्टली बोल’’ एवढा एकच सल्ला पाच वेळा दिला. ती मेट्रोनं आलंदूरला उतरली आणि तिथून ऑटो केली. शोळिंगनल्लूरच्या रस्त्यावर मेट्रोचं खोदकाम चालू होतं. दोन्ही बाजूंना निळे पत्रे, मध्ये धूळ, आणि त्या धुळीत गळ्यात ओळखपत्रं घातलेली हजारो तरुण माणसं. ऑटोतून बघताना तिला वाटलं, यांतलं एकही माणूस तिशीच्या पुढचं नाही. ती पाऊण तास आधी पोचली. समोरच्या टपरीवर तिनं कॉफी घेतली आणि ती डबऱ्याच्या वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत ओतत निवेपर्यंत उभी राहिली.

पहिल्या फेरीला प्राणेश होता. सव्वीस-सत्तावीसचा, दाढी राखलेला, हसरा. लिहिण्यासाठी आणलेला लॅपटॉप काही केल्या पडद्याला जोडला जाईना, तेव्हा त्यानं हात टेकले आणि मार्कर पुढं केला. ‘‘फळ्यावर चालेल ना?’’

कमलिनीला हायसं वाटलं. तिची पहिली नोकरी फळ्यावर प्रोग्रॅम लिहूनच लागली होती.

प्रश्न असा: एका ऑफिसात दिवसभर मीटिंगा असतात. प्रत्येकीची सुरू व्हायची वेळ आणि संपायची वेळ दिली आहे. सगळ्या मीटिंगा पार पडायला कमीत कमी किती खोल्या लागतील?

‘‘मी बोलत बोलत विचार करते,’’ ती म्हणाली.

‘‘तेच हवंय,’’ प्राणेश म्हणाला.

तिनं सुरुवात केली. सगळ्या वेळा क्रमानं लावायच्या. मीटिंग सुरू झाली की एक खोली भरली, संपली की एक मोकळी झाली. मोजत जायचं आणि सगळ्यांत मोठी संख्या लक्षात ठेवायची. फळा भरत गेला, तिचा आवाज मोकळा होत गेला. मध्येच एका ओळीत गडबड झाली. जे एक घर पुढं जात होता. ती दोन पावलं मागं सरली, कमरेवर हात ठेवला आणि त्याला जाब विचारायला लागली. कुठं निघालास? तुला थांब म्हटलं होतं ना? आधी आय येऊ दे. हां, आता ये. आता बरोबर.

ओळ दुरुस्त करून ती वळली, तर प्राणेश गालातल्या गालात हसत होता.

‘‘मॅडम, ही कोणती भाषा?’’

कमलिनीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. गेली तीन मिनिटं ती मराठीत बोलत होती. ‘‘अय्यो, सॉरी. मराठी. सराव घरी केला, त्यामुळं...’’

‘‘मला एक शब्द कळला नाही,’’ प्राणेश म्हणाला, ‘‘पण जे-चं काहीतरी चुकलं होतं आणि तुम्ही त्याला चांगलं झापलंत, एवढं कळलं. माझ्या आईची आठवण झाली. आता तेच इंग्रजीत सांगाल?’’

तिनं सांगितलं. त्यानं दोन उदाहरणं घालून बघितली, दोन्हींची उत्तरं जुळली. त्यानं खूण केली आणि म्हणाला, ‘‘छान.’’

दुसऱ्या फेरीला हरिप्रिया आली. कंपनीची आर्किटेक्ट, पन्नाशीची, केस पांढरे, बोलणं मोजकं. तिशीच्या पुढचं माणूस दिसल्याचा कमलिनीला इतका आनंद झाला की ती नको तेवढं हसली. हरिप्रियानं प्रश्न घातला: मोठ्या दवाखान्यात रोज हजार माणसं येतात. टोकन द्यायचं, नंबर पुकारायचा. यंत्रणा कशी बांधाल?

कमलिनीनं मार्कर उचलला नाही. तिनं आधी विचारलं, काउंटर किती? लोक एकटे येतात की कुणाबरोबर? वाचता न येणारे किती? नंबर पुकारतात की पडद्यावर दाखवतात? हरिप्रिया एकेक उत्तर देत गेली.

‘‘एक गोष्ट धरूनच चालायला हवी,’’ कमलिनी म्हणाली. ‘‘नंबर पुकारला तेव्हा माणूस समोर नसणार.’’

‘‘का?’’

‘‘कारण तो पहाटेपासून उपाशी आलेला असतो आणि तेवढ्यात इडली खायला गेलेला असतो. किंवा बाथरूमला. म्हातारा माणूस बाथरूमला गेला की त्याला वीस मिनिटं लागतात. परत येतो तर नंबर निघून गेलेला, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, नवं टोकन घ्या. मग भांडण. माझे सासरे शांत स्वभावाचे होते, पण टोकनावरून त्यांनी एकदा काठी उगारली होती.’’ ती फळ्याकडे वळली. ‘‘म्हणून टोकनाला नुसतं ‘झालं’ आणि ‘बाकी’ पुरत नाही. ‘पुकारलं पण आले नाहीत’ अशी तिसरी स्थिती लागते. असा माणूस परत आला की पुढच्या तिघांनंतर आत. लगेच आत घेतला तर बाकीचे भडकतात, शेवटी टाकला तर तो भडकतो. तिघांनंतर चालतं. मी बघितलंय.’’

हरिप्रियानं वहीत काहीतरी लिहिलं. मग तिनं कमलिनीला कोंडीत पकडायला सुरुवात केली. दोन काउंटरवर एकाच क्षणी एकच नंबर निघाला तर? नेटवर्क गेलं तर? कमलिनी जुन्या पद्धतीनं का होईना, पण मार्ग काढत गेली. शेवटी हरिप्रियानं एका नव्या साधनाचं नाव घेतलं आणि विचारलं, ‘‘हे इथं वापराल का?’’

‘‘नाव माहीत आहे. त्याच्यावरचा एक धडा वाचलाय. हातानं कधी वापरलं नाही, त्यामुळं हो किंवा नाही सांगितलं तर ती थाप होईल.’’

‘‘मग काय कराल?’’

‘‘मला येतं त्यानं आधी चालतं करीन. मग तुमच्याकडं ज्यानं वापरलंय त्याच्या शेजारी दोन दिवस बसेन.’’

हरिप्रियाच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ‘‘ठीक,’’ एवढंच म्हणून ती गेली.

तिसऱ्या फेरीचे मॅनेजर नारायणस्वामी गोल चेहऱ्याचे, मवाळ बोलणारे होते. त्यांनी दोघांसाठी चहा मागवला, चेन्नईत घर कसं मिळालं ते विचारलं, आणि त्याच सुरात म्हणाले, ‘‘नऊ वर्षांचा खंड दिसतोय.’’

‘‘हो. सात वर्षं सासऱ्यांचं आजारपण केलं. नंतरच्या दोन वर्षांत गाव बदललं आणि नवं शिकले.’’ आणि ती थांबली. पुढचं ‘सॉरी’ ओठांवर आलं होतं. ते तिनं चहाबरोबर गिळलं.

नारायणस्वामींनी मान हलवली. ‘‘आमच्या टीमचं सरासरी वय सव्वीस. तुमचं काम तपासणारा मुलगा तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल. कसं वाटेल?’’

‘‘पहिला आठवडाभर विचित्र वाटेल,’’ कमलिनी म्हणाली. ‘‘त्यालाही वाटेल. तो मला मॅडम म्हणायचा थांबला की जमेल.’’

ते मोठ्यानं हसले. ‘‘तुम्हाला काही विचारायचंय?’’

‘‘ही जागा रिकामी का झाली?’’

हा प्रश्न त्यांना बहुधा अपेक्षित नव्हता. त्यांनी पेला खाली ठेवला. ‘‘आधीची मुलगी दुसरीकडं गेली. तिला इथं शिकायला मिळत नव्हतं, असं ती जाताना म्हणाली. तिचं खरं होतं. मी तिला दोन वर्षं एकाच कामात अडकवून ठेवलं.’’ मग पेला पुन्हा उचलून ते म्हणाले, ‘‘आता तसं करणार नाही असं ठरवलंय. बघू.’’

कमलिनीला ते ‘बघू’ आवडलं.

साडेचारला ती बाहेर पडली. ऑटोऐवजी तिनं बस पकडली. आता घाई नव्हती. बसला गर्दी होती, ती दांडा धरून उभी राहिली आणि दिवसभराचं बोलणं डोक्यात फिरवत राहिली. तोरैपाक्कमच्या थांब्यावर तिच्या पुढ्यातली बाई उठली आणि ती पुरती बाजूला होण्याआधीच दुसरी तिच्या जागी टेकली. कमलिनी त्या बाकाकडे बघत राहिली आणि तिला फळ्यावरची एक ओळ आठवली.

एक मीटिंग दहा ते अकरा. दुसरी अकरा ते बारा. पहिली संपते त्याच क्षणी दुसरी सुरू होते. खोली एकच पुरते. तिचा प्रोग्रॅम सांगत होता, दोन. कारण वेळ सारखी असली तर तिनं आधी भरणारी खोली मोजली होती, मग मोकळी होणारी. प्राणेशच्या दोन्ही उदाहरणांत अशी जोडी नव्हती, म्हणून उत्तरं जुळली होती.

एकच ओळ. ती ओळ उलटी हवी होती.

बसमधून उतरून मेट्रोत बसेपर्यंत तिनं दोन्ही बाजूंनी विचार केला. त्यांच्या लक्षात आलं असेल तर कळवून काही फायदा नाही. आलं नसेल तर कळवून नुकसानच. पण चुकलेली ओळ फळ्यावर तशीच उभी आहे ही गोष्ट तिला सहन होईना; दाताखाली खडा यावा तसं झालं. वडपळनी स्टेशन येईपर्यंत तिनं फोनवर चार ओळींची मेल लिहिली. ‘मीटिंगच्या प्रश्नात माझी एक चूक झाली. दोन वेळा सारख्या आल्या तर संपणारी मीटिंग आधी मोजायला हवी. दुरुस्त केलेली ओळ खाली देत आहे. प्राणेश यांना कळवावे.’ जननीच्या नावे पाठवली आणि फोन पर्समध्ये अगदी तळाशी टाकला.

‘‘त्यांना दिसलं नसेल तर तू कशाला दाखवतेस?’’ उपेंद्रनं घरी विचारलं. त्याचा स्वर रागाचा नव्हता. तो खरंच चक्रावला होता.

‘‘मला दिसलं ना.’’

उपेंद्रनं जरा विचार केला. ‘‘आमच्या लाइनवर कुणी असा चुकलेला पार्ट स्वतःहून परत आणून दिला तर मी त्याचा हात हातात घेईन,’’ तो म्हणाला. ‘‘पण पुढच्या वेळी जागा हाती आल्यावर पाठव.’’

जननीनं आठवड्यात कळवू म्हटलं होतं. आठवडा गेला. आठवा दिवस गेला, नववा गेला. कमलिनीनं स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले. दहाव्या दिवशी दुपारी ती मावशींकडे बसली असताना फोन वाजला. मावशींनी तोंडावर बोट ठेवून रेडिओ बंद केला.

जननी म्हणाली, ‘‘मॅडम, आम्हाला तुम्ही हव्या आहात.’’ मग जरा अवघडून, ‘‘पण सीनियरच्या जागेवर नाही. त्याच्या एक पायरी खाली. नऊ वर्षांत बरंच बदललंय असं पॅनेलचं मत पडलं. नऊ महिन्यांनी पुन्हा विचार करू.’’

कमलिनीला एकाच वेळी नाचावंसं आणि भांडावंसं वाटलं. तिनं दोन्हीही केलं नाही. ‘‘मी उद्या सांगते,’’ म्हणून तिनं फोन ठेवला आणि मावशींना सगळं सांगितलं.

‘‘त्यांचं मेणणं खोटं कां?’’ मावशींनी विचारलं.

‘‘खोटं नाही. ते साधन मला येत नाही, हे खरंच आहे. पण नऊ महिने फार आहेत. आणि पुन्हा विचार म्हणजे कशाचा विचार?’’

‘‘मज काय विचारत्येस? हेच त्यांस विचार. आणि उत्तर लिहून माग. तोंडी प्रमोशन मजसुद्धा तीनदां मिळालं होतं.’’

दुसऱ्या दिवशी कमलिनीनं फोन करून सांगितलं की पायरी खालची चालेल, पण नऊ नाही, सहा महिने, आणि काय काय आलं म्हणजे सीनियर, ते आधी कागदावर द्यावं. जननी ‘‘विचारते’’ म्हणाली. संध्याकाळी मेल आली. सहा महिने मान्य. खाली नारायणस्वामींनी स्वतः लिहिलेले पाच मुद्दे होते, आणि पहिलाच मुद्दा त्या नव्या साधनाचा. कमलिनीनं ‘हो’ कळवलं. मग ती आणि रेवा स्वयंपाकघरात नाचल्या, आणि उपेंद्र येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो मैसूरपाक घेऊन आला. त्यातला निम्मा मावशींकडे गेला. मावशींनी दोन तुकडे खाल्ले, साखर बाधते म्हणाल्या, आणि तिसरा उचलला.

ऑफिसातल्या तिसऱ्या दिवशी प्राणेश आपली खुर्ची ढकलत तिच्या टेबलापाशी आला. त्याच्याकडंच तिचं काम तपासायला होतं.

‘‘मॅ... कमलिनी,’’ त्यानं सुरुवात केली, ‘‘तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. ती तुमची मेल.’’

‘‘त्यामुळं नुकसान झालं का?’’

‘‘छे. त्या आधीच आमचं ठरलं होतं, हरिप्रियांनी त्याच दिवशी हो म्हटलं होतं. फक्त पायरीवरून चर्चा लांबली. पण तुमची मेल वाचली आणि मी आमची नमुना उत्तरपत्रिका काढली. मीच लिहिलेली, दोन वर्षांपूर्वी.’’ त्यानं दाढी खाजवली. ‘‘तिच्यात तीच चूक होती.’’

कमलिनीनं विचारलं, ‘‘आणि ज्यांनी बरोबर लिहिलं त्यांचं काय झालं?’’

‘‘तेच तर. मी सगळे जुने कागद चाळले. छप्पन्न जणांना हा प्रश्न दिला होता. दोघांनी बरोबर लिहिलं होतं आणि ती ओळ उत्तरपत्रिकेशी जुळत नाही म्हणून आम्ही त्यांचं उत्तर चूक धरलं. दोघांनाही नारायणस्वामींनी पत्र पाठवलं, आमचं चुकलं म्हणून. एक सिद्धार्थ, तो आता बेंगळुरूला खुशीत आहे. त्यानं लिहिलंय, तेव्हा मी आईला सांगत होतो की माझं बरोबर आहे, आता हे पत्र तिला पाठवतो. दुसरी मधुवंती. ती सोमवारी पुन्हा येतेय.’’

‘‘प्रश्न बदललात ना?’’

‘‘बदलला,’’ प्राणेश म्हणाला. ‘‘आणि नव्याची उत्तरपत्रिका तुम्ही एकदा बघा. पण आधी हे बघा.’’

तिनं आदल्या संध्याकाळी तिचं इथलं पहिलं काम तपासायला दिलं होतं; टोकनाच्या पडद्यावरची एक छोटी दुरुस्ती. प्राणेशनं ती तपासून परत केली होती. चाळीस ओळींवर सतरा शेरे. अकरा ओळी जुन्या पद्धतीच्या, तीन ठिकाणी नावं कळत नाहीत, दोन ठिकाणी ‘हे असं का?’ आणि एका ओळीपुढं नुसताच हसरा चेहरा.

तो ओशाळल्यासारखा झाला. ‘‘जास्त झाले का?’’

नऊ वर्षांत तिचं काम कुणी इतकं बारकाईनं वाचलं नव्हतं. कमलिनीनं खुर्ची पुढं ओढली, चष्मा सारखा केला आणि पहिला शेरा उघडला.

‘‘बस ना,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्यापासून सांग.’’